सेकंदाचे तीन दशांश

१

निवडीची वही कपाटात नव्हती. सकाळी साडेआठला मी लाखेच्या कारखान्याच्या कचेरीत पोचले, तेव्हा कारकून चुन्नीलालने ते कपाट तिसऱ्यांदा रिकामं केलं होतं. बाहेरच्या पायरीवर मनिराम नावाचा कॉलेजातला मुलगा बसला होता आणि त्याच्याशेजारी चौकीदार काठी टेकून उभा होता. मुलाला पायरीवरून उठायची परवानगी नव्हती.

मी फक्त एका कागदावर सही घ्यायला आले होते. मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. लंबकाच्या प्रयोगासाठी शाळेत एक स्टॉपवॉच होतं. आपलं घड्याळ ऐनवेळी बंद पडलं तर हाताशी असावं म्हणून कारखान्याने ते दोन दिवसांसाठी मागून नेलं, आणि घड्याळाबरोबर मीही जावं असं मुख्याध्यापिकांनी ठरवलं. नाताळची सुट्टी होती. मला झोपायचं होतं.

साल १९३८. गोंदियाच्या त्रिवेणी लाख कारखान्याचा फुटबॉल संघ होता. दर डिसेंबरात कॉलेजांतल्या मुलांना बोलावून त्यांची परीक्षा घ्यायची आणि त्यांतले गडी उचलायचे, अशी तिथली रीत. यंदा मैदानाच्या कडेने धावणारे दोन गडी हवे होते, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. मागून लांब टाकलेला चेंडू पळता पळता पायावर घेणारे. जो निवडला जाईल त्याला संघात जागा आणि कारखान्यात कायमची नोकरी. चार मुलं आली होती. त्यांना पारखणारे ईश्वरदासजी बावीस वर्षं हेच काम करत होते. रायपूर, जबलपूर, नागपूर, जिथे सामना असेल तिथे थर्ड क्लासने जायचं, रेघेपाशी उभं राहायचं आणि वहीत लिहायचं.

तीच वही आता नाहीशी झाली होती.

मॅनेजरसाहेब दारात आले. "दुपारच्या मेलने वही कलकत्त्याला गेली पाहिजे," ते म्हणाले. "तोवर मिळाली नाही तर या चोराचं नाव खोडा. त्याच्या प्रिन्सिपॉलला पत्र मी स्वतः लिहीन."

ते हे पायरीकडे बघून बोलले. आवारात लाख निवडणाऱ्या पन्नासेक बाया आणि हमाल होते. सगळ्यांनी ऐकलं. मनिरामने मान खाली घातली नाही, पण त्याचे कान लाल झाले.

"बाई, सही घ्या आणि जा तुम्ही," चुन्नीलाल म्हणाला.

मी सही घेतली. जाता जाता भिंतीवरच्या फलकाकडे लक्ष गेलं. चुन्नीलालने आदल्या संध्याकाळी वहीवरून केलेली नक्कल तिथे लावली होती. चार मुलांच्या शंभर यार्डांच्या वेळा होत्या.

त्यांतल्या तीन चुकीच्या होत्या.

२

दोन्ही दिवस मी शेवटच्या दोरीपाशी, मार्गाच्या पलीकडच्या बाजूला उभी होते. ईश्वरदासजी आणि चुन्नीलाल अलीकडे. त्यांच्याकडे कारखान्याचं घड्याळ, माझ्या हातात शाळेचं; माझी नजर मात्र पळणाऱ्यावर. माझ्या वेळा कुणी विचारल्या नाहीत. मी त्या सवयीने एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहिल्या होत्या. तो लिफाफा मी फलकाशेजारी धरला.

उदाराम: फलकावर दहा पूर्णांक सहा सेकंद, माझ्याकडे दहा पूर्णांक नऊ. टिकाराम: फलकावर दहा सात, माझ्याकडे अकरा. बिसराम: फलकावर अकरा, माझ्याकडे अकरा तीन.

मनिराम दुसऱ्या दिवशी एकटा पळाला, कारण बोलावण्याचं पत्र त्याच्या गावी, दरेकशाला, उशिरा पोचलं. त्याला दोनदा पळवलं. फलकावर दहा आठ आणि दहा नऊ. माझ्याकडेही दहा आठ आणि दहा नऊ.

फलकाप्रमाणे मनिराम तिसरा होता, म्हणजे बाहेर. माझ्या लिफाफ्याप्रमाणे तो पहिला होता.

माझं घड्याळ चुकत असेल, हा पहिला विचार. पण मग ते मनिरामच्या वेळीही चुकायला हवं होतं. माणसाच्या बोटाची चूक म्हणावी, तर बोट कधी पुढे चुकतं, कधी मागे. इथे तिन्ही वेळा फरक तेवढाच, तीन दशांश, आणि त्याच बाजूला.

मला घरी जायचं होतं. मी परत वळून चुन्नीलालच्या टेबलापाशी बसले.

"वही शेवटची कुणी पाहिली?"

"अब तुम्ही पण?" तो वैतागला. "मी पाहिली. काल संध्याकाळी नक्कल केली आणि कपाटात ठेवली. किल्ली त्या खिळ्याला असते, सगळ्या दुनियेला ठाऊक आहे. आणि तो पोरगा रात्री इथल्याच व्हरांड्यात झोपला. बाकीच्या तिघांना धर्मशाळेत जागा मिळाली, हा उशिरा आला म्हणून इथे. शिवाय काल मला विचारत होता, माझ्याबद्दल काय लिहिलंय म्हणून. और क्या चाहिए?"

"नक्कल करायला त्रास झाला?"

"तुम्हाला कसं कळलं? ईश्वरदाससाहेबांचं अक्षर यंदा फार बिघडलंय. ओळीवर ओळ चढते. दोन-दोनदा विचारावं लागलं. दिवाळीत चष्मा फुटला त्यांचा, अजून नवा केला नाही. पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवतो."

"काल कुठलं पत्र आलं?"

"कलकत्त्याचं. तिथे नवे सेक्रेटरी आलेत. यंदा नक्कल नको, मूळ वहीच पाठवा म्हणून. पाच वाजता साहेबांना वाचून दाखवलं."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. परत वाच म्हणाले."

३

फलकावर वेळांखाली शेरेही होते. ते मी आधी वाचलेच नव्हते.

उदाराम: पाय हलके पडतात. चेंडू घेताना आवाज दबका, म्हणजे पाय मऊ आहे. दम शेवटपर्यंत.

टिकाराम: ठोका एकसारखा. चेंडू लांबचा असला तरी ठोका चुकत नाही.

बिसराम: वळताना बूट घासतो. धाप लवकर लागते.

मनिराम: काही सांगता येत नाही.

बाहेर जागेश्वर रूळ ओढून दमला होता आणि पिंपळाखाली बिडी पीत होता. तो मैदान राखायचा. मैदान म्हणजे धान कापून झालेली मोठी बांधी, भाताचं खाचर. तिच्यातली धसकटं खणून, रूळ फिरवून त्याने पळण्यापुरता एक पट्टा सपाट केला होता. एकच पट्टा, म्हणून मुलं एकेक करून पळाली. दुसऱ्या टोकाला उभं राहून बंदुकीचा बार काढणाराही तोच.

"बंदूक कुणाची, जागेश्वर?"

"माह्या आजाची भरमार हाय, बाई. नळीतून दारू ठासा लागते. काऊन जी?"

"दर वर्षी बंदूकच असते?"

"नाही जी! पयले रुमाल पाडत होतो. पांढरा रुमाल वर धरायचा, खाली सोडला का गडी पयाला. यंदाच ईश्वरदाससाहेब म्हणाले, बंदूक आण. अन् बार मोठा निंगाले पायजे, दारू दुप्पट भर. मी म्हणलं, साहेब, नळी फुटन. तं म्हणाले, फुटू दे." तो हसला. "माह्या हातानं फुटन, त्याईले काय!"

त्याच्यामागे टिकाराम बसला होता. फलकावरचा दुसरा, म्हणजे निवड झालेला. गोरा, उंच, पायात नवे बूट.

"माझ्याकडे काय बघता, बाई?" तो म्हणाला. "मी कायले वही चोरू? माझं नाव वरती आहे. वही गेली तर माझंच नुकसान."

ते खरं होतं. मी पायरीकडे गेले.

मनिरामच्या पायात काही नव्हतं. टाचा भेगाळलेल्या होत्या. दरेकशाच्या डोंगरात वाढलेला, नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

"बूट कुठे आहेत?"

"घालतच नाही जी. वजन होते पायाले."

"वही घेतलीस?"

"नाही." मग आत बोट दाखवून, "अन् मी घेऊन करू तरी का? माह्या नावापुढं जे लिवलं ते तं भितीवर टांगून ठेवलं हाय. वही चोरून ते पुसते का?"

वही गेली तरी नक्कल भिंतीवर आहेच, हे सकाळपासून एवढ्या लोकांत फक्त त्याने म्हटलं होतं.

४

मी चुन्नीलालला मागच्या वर्षांच्या नकला मागितल्या. त्याने कुरकुरत पाच कागद काढून दिले.

दोन वर्षांपूर्वीचा शेरा असा होता: चेंडू हवेत असताना मान वळवून पाहतो, पण समोरच्या बॅकला कळू देत नाही. दुसरा: वळण्याआधी खांदा झुकतो, त्यामुळे कुठे जाणार ते आधीच दिसतं. तिसरा: समोरचा बॅक कच्चा होता, म्हणून हा चांगला दिसला. परत पाहावा.

पाहतो, झुकतो, दिसतं. यंदाचे शेरे मी पुन्हा वाचले. ठोका, आवाज, धाप, घासणं. यंदाच्या वहीत डोळ्याने पाहिलेली एकही गोष्ट नव्हती.

आणि अनवाणी मुलाबद्दल काही सांगता येत नव्हतं.

"चुन्नीलालजी, काल मनिराम पळाला तेव्हा घड्याळ कुणाच्या हातात होतं?"

तो कागद परत गोळा करू लागला.

"मी विचारतेय."

"माझ्या," तो हळूच म्हणाला. "साहेब म्हणाले मनगट दुखतंय. मला म्हणाले, धूर दिसला की दाब. मी तेच केलं. काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही."

त्याच्यावर ओझं राहू नये म्हणून मी त्याला समजावून सांगितलं. धूर दिसतो तो लगेच. बार ऐकू येतो तो मागाहून, कारण आवाजाला चालत यावं लागतं. शंभर यार्ड यायला त्याला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. धूर पाहून घड्याळ सुरू केलं तर खरी वेळ मिळते. बार ऐकून सुरू केलं तर पळणारा आधीच निघालेला असतो आणि त्याची वेळ जवळजवळ तीन दशांशांनी कमी भरते. पहिल्या दिवशीचे तिघे बार ऐकून मोजले गेले. मनिराम धूर पाहून. मी मात्र चौघांनाही धूर पाहूनच मोजलं होतं.

"पण साहेबांना हे ठाऊक नाही, असं कसं होईल?" चुन्नीलाल म्हणाला. "मला तर त्यांनीच शिकवलं, धूर बघ म्हणून."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारते, ते स्वतः धूर का बघत नाहीत?"

तो खुर्चीवरून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

वहीतले आकडे कुणाला नको असते, तर त्याने भिंतीवरची नक्कलही फाडली असती. नक्कल जागच्या जागी होती. म्हणजे वही नेणाऱ्याला आकड्यांची भीती नव्हती. जे नकलेत उतरत नाही आणि फक्त मूळ वहीत असतं, ते त्याला लपवायचं होतं. अक्षर. ओळीवर चढलेली ओळ. आणि मूळ वही कलकत्त्याला जाणार, हे काल पाच वाजेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

मेलला दोन तास राहिले होते.

५

ईश्वरदासजी मागच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. साठीचे, हाडकुळे, गळ्याशी मफलर. मी दारात उभी राहिले आणि बोलले नाही.

"बाई ना?" ते म्हणाले. "तुमच्या चपलेचा डावा तळ झिजलाय."

"वही कुठे आहे, ईश्वरदासजी?"

त्यांनी मफलर सैल केला. मग म्हणाले, "माझ्याकडेच आहे. बसलोय तिच्यावर."

मीही बसले. दोघेही दमलेलो होतो, त्यामुळे कुणालाच आवाज चढवायची गरज वाटली नाही.

"मोतीबिंदू?"

"दोन्ही. मागच्या पावसाळ्यापासून वाढला. हातभर अंतरावरचं दिसतं. दोरी तुटलेली दिसते, कारण ती नाकासमोर असते. त्यापलीकडे दूध." त्यांनी हात हवेत फिरवला. "मला वाटलं, कानाने भागेल. खरं सांगतो बाई, पुष्कळ भागतं. उदारामबद्दल लिहिलंय त्यातला एक शब्द बदलणार नाही. पाय मऊ आहे की नाही हे चेंडू सांगतो, डोळे नाही सांगत. बावीस वर्षं मी उगाच एवढं बघत होतो."

"आणि मनिराम?"

"तो आला आणि गेला. मला काही ऐकूच आलं नाही. चेंडूला त्याचा पाय लागतो तोही कळत नाही. असा गडी मी कधी ऐकला नव्हता. काय लिहू? खोटं लिहिलं नाही मी."

"त्याची वेळ धुरावर घेतलीत आणि बाकीच्यांची बारावर."

"पहिल्या रात्री लक्षात आलं, की मी तिघांना फुकटचं देऊन बसलोय. दुसऱ्या दिवशी तरी नीट व्हावं म्हणून घड्याळ चुन्नीलालला दिलं. नीट झालं, पण ते एकट्या मनिरामचं. तिघांच्या वेळा दुरुस्त करायच्या, तर का चुकल्या ते सांगावं लागलं असतं. आणि मग ते पत्र आलं."

"तो सकाळपासून पायरीवर आहे."

"माहीत आहे."

"चोर म्हणाले त्याला. सगळ्यांसमोर."

"ऐकलं ना मी," ते म्हणाले. "या खिडकीतून सगळं ऐकू येतं. वाटलं होतं, दोन दिवस शोधतील, मग नक्कल पाठवतील, विसरून जातील. तो व्हरांड्यात झोपलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी कळलं. तेव्हा उठायला हवं होतं. उठलो नाही. दिसत नाही म्हटलं की मला घरी पाठवणार, आणि घरी मी काय करू? भिंतीकडे तोंड करून बसू?"

घड्याळात अकरा वाजत आले होते.

ते उठले, वही काढली आणि माझ्या दिशेने धरली. "चला. मॅनेजरसाहेबांकडे. हात धरू नका, पावलं मोजलेली आहेत."

६

मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकलं, वही उघडून पाहिली आणि मिटली. मग म्हणाले, "बाईंच्या लिफाफ्यावर मी दोन नोकऱ्या देऊ का? आवाज म्हणे चालत येतो. कलकत्त्याला काय कळवू? आणि टिकारामला काय सांगू?"

"काही सांगू नका," ईश्वरदासजी म्हणाले. "दोघांना बरोबर पळवा. घड्याळच नको."

"पट्टा एकच आहे."

"बांधीच्या पलीकडे गाडीवाट आहे जी," जागेश्वर दारातून म्हणाला. "दोन चाकोऱ्या. एकीत एक, दुसरीत दुसरा."

बैलगाड्यांनी खोल केलेल्या त्या दोन चाकोऱ्यांत दोघांना उभं केलं. शंभर यार्ड मी स्वतः फीत लावून मोजले. शेवटी आडवी दोरी, एक टोक बाभळीला, दुसरं ईश्वरदासजींच्या हातात. ते त्यांनी मागून घेतलं होतं. जागेश्वरने रुमाल पाडला.

मी डोळ्यांनी पाहिलं. ईश्वरदासजींनी मान तिरकी करून ऐकलं. टिकारामचे बूट ठोक्यात येत होते, एकसारखे, जवळ, आणखी जवळ. मग दोरीला ओढ बसली, ती त्यांच्या हातातून निसटली, आणि बूट अजून यायचे होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन यार्ड."

"चांगला आहे," ते म्हणाले. "फार चांगला आहे."

टिकाराम गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. श्वास सापडल्यावर माझ्याकडे वळला. "कालच दोघांना बरोबर पळवलं असतं, तर एवढा तमाशा कायले झाला असता, बाई?"

मला त्याचं वाईट वाटलं. त्याने काहीच केलं नव्हतं. लिफाफा मी शेजारी धरला नसता तर त्याची नोकरी पक्की होती.

मॅनेजरसाहेबांनी मनिरामच्या पाठीवर थाप मारली. "झालं तर. पहिल्या तारखेला रुजू हो."

मनिराम हलला नाही. "अन् मले चोर म्हणले ते?"

"झालं गेलं. वही मिळाली ना?"

"तुमाले वही मिळाली जी. मले का मिळालं? सकाळी त्या साऱ्या बायाईसमोर म्हणलं तुम्ही. त्यातल्या दोघी आमच्या दरेकशाच्या हायेत. संध्याकाळच्या गाडीनं घरी जातीन त्या, माह्या आधी. मले नोकरी नाही पायजे अशी."

मॅनेजरसाहेबांचा चेहरा आवळला. मला वाटलं, आता खरंच नाव खोडलं जाणार. पण ईश्वरदासजी बोलले, "साहेब, तुमचं काम नाही ते. माझं आहे."

बाराचा भोंगा झाला. बाया आणि हमाल भाकरी सोडायला आवारात आले. ईश्वरदासजी पायरीवर चढले, मफलर नीट केला.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. आवाज बारीकच होता, पण आवार शांत झालं. "वही मी लपवली होती. मला दिसत नाही. ते कुणाला कळू नये म्हणून लपवली. या मुलाने काही घेतलेलं नाही. सकाळी त्याला चोर म्हटलं तेव्हा मी आत बसून ऐकत होतो, आणि गप्प राहिलो. मनिराम, मी तुझी माफी मागतो."

हे त्यांनी हात जोडून म्हटलं. पण त्यांचं तोंड डावीकडे होतं, जिथे नुसती लाखेची पोती रचलेली होती. मनिराम उजवीकडे उभा होता. कुणीतरी हसू दाबलं. त्यांना वळवावं म्हणून मी पुढे होणार होते.

त्याआधी मनिराम निघाला. बायांच्या घोळक्यातून वाट काढत तो पोत्यांपाशी गेला आणि ईश्वरदासजींच्या तोंडासमोर उभा राहिला.

"मी अठीसा हाव जी, तुमच्या समोर," तो म्हणाला. "आता बोला."